आधी कान, मग पाना: जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचा आवाज कसा शोधायचा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी गिअरबॉक्स उघडायला शिकलो, ते गाडी दारात आली की लगेच बॉनेटला हात लावत नसत. बाहेर उभं राहून सांगायचे, "क्लच दाबा. सोडा. परत दाबा, सावकाश." दोन-तीनदा तसं करून घेतलं की बहुतेक वेळा त्यांचं निदान झालेलं असायचं. मी एकदा विचारलं, "मामा, आवाज कुठनं येतोय ते कसं कळतं तुम्हाला?" ते म्हणाले, "कुठनं येतोय ते आधी बघूच नका. लोखंडातनं आवाज कुठंबी फिरतोय. कवा येतोय ते बघा."

ही एक गोष्ट पक्की केली की जुन्या गाडीचा गिअरबॉक्स नवख्या माणसालाही बराचसा उमगतो. माझी गाडी प्रीमिअर पद्मिनी, वडिलांनी घेतलेली. म्हणून उदाहरणं तिचीच देतो. पण इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना आणि मधे चार गिअरचा डबा अशी रचना असलेल्या अँबॅसडरला किंवा जुन्या जीपलाही हेच तपासायचं असतं.

कान आधी का वापरायचा, ते मी पैसे घालवून शिकलो. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात आमच्या शाहूपुरीच्या पार्किंगमध्ये पाणी आलं आणि गाडी दोन दिवस निम्म्या चाकापर्यंत पाण्यात उभी राहिली. काही महिन्यांनी पन्नासच्या पुढे वेग गेला की घरघर सुरू झाली. एका गॅरेजने गिअरबॉक्स उतरवला, बेअरिंगं बदलली, क्लच प्लेटही बदलली. गाडी घरी आणली, घरघर तशीच. शेवटी दोष निघाला मागच्या डाव्या चाकाच्या बेअरिंगमध्ये. ते गंजून गेलं होतं. गिअरबॉक्स उघडायची गरजच नव्हती. न्यूट्रल टाकून एक मिनिट गाडी वाहू दिली असती तर हे तेव्हाच कळलं असतं.

आत काय फिरतं, एवढं आधी समजून घ्या

डब्यात तीन शाफ्ट असतात. इंजिनाकडून येतो तो इनपुट शाफ्ट. त्याच्या खाली लेशाफ्ट. आपल्याकडे लेशाफ्टवरच्या गिअरांच्या जुडग्याला क्लस्टर म्हणतात. आणि मागे प्रॉपेलर शाफ्टकडे, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्याकडे, जातो तो मेन शाफ्ट. इनपुट शाफ्ट आणि क्लस्टर कायम एकमेकांत अडकलेले असतात.

आता कधी काय फिरतं ते पाहा. इंजिन चालू, गिअर न्यूट्रल, क्लचवर पाय नाही: इनपुट शाफ्ट आणि क्लस्टर फिरतात, मेन शाफ्ट उभा. क्लच पूर्ण दाबला की इनपुट शाफ्ट आणि क्लस्टर थांबतात, पण क्लचचं रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) दाबाखाली फिरू लागतं. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गिअरमध्ये सगळा भार क्लस्टरमधून जातो. चौथ्यात इनपुट आणि मेन शाफ्ट थेट जोडले जातात. क्लस्टर फिरतो, पण त्याच्यावर भार नसतो. निदानाचं निम्मं काम या चार ओळींत आहे. त्या पाठ करा.

पाना घेण्याआधी तीन गोष्टी

गाडी सपाट जागी उभी करून गिअरबॉक्सच्या बाजूचा लेव्हल प्लग उघडा. करंगळी आत घातली की ऑइल भोकाच्या खालच्या कडेला लागलं पाहिजे. लागत नसेल तर आधी भरा आणि मगच पुढचं बोला. जुन्या डब्याचा मागचा सील पाझरतो, वर्षभर कुणी बघत नाही आणि मग बेअरिंग ओरडतं.

ऑइल कुठलं, हे इथेच सांगतो, कारण चूक इथे सर्रास होते. काउंटरवर "नव्वद नंबर द्या" म्हटलं की तो झाला ऑइलच्या जाडीचा नंबर. प्रत वेगळी, जीएल-४ किंवा जीएल-५, आणि हातात जे येतं ते बऱ्याचदा जीएल-५ असतं. जीएल-५मध्ये गंधक-फॉस्फरसची रसायनं जीएल-४च्या साधारण दुप्पट असतात. डिफरन्शिअलच्या, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरांच्या, दात्यांना ती लागतात. सिंक्रोच्या (गिअर पडण्याआधी दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या यंत्रणेच्या) पितळी रिंगांना मात्र ती झिजवू शकतात, शिवाय रिंग गिअरच्या कोनावर, म्हणजे शंकूसारख्या भागावर, पकड घेण्याऐवजी घसरते आणि गिअर टाकताना खरखर येते. गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिलं असेल तेच टाका. काही जुन्या ब्रिटिश घडणीच्या डब्यांना तर इंजिन ऑइलच सांगितलेलं असतं. पुस्तिका नसेल तर पितळी रिंगांच्या गिअरबॉक्ससाठी जीएल-४च असल्याची ऑइलच्या कॅनवर खात्री करून घ्या.

दुसरं, इंजिनाचं आयडलिंग. ते फार कमी किंवा अडखळतं असेल तर न्यूट्रलमध्ये गिअर एकमेकांवर आपटून खडखडतात आणि क्लच दाबला की गप्प होतात. कार्ब्युरेटर नीट लावून पाहा. पुष्कळदा आवाज तिथेच संपतो.

तिसरं, क्लच पेडलचा फ्री प्ले, म्हणजे दाबताना सुरुवातीला पेडल मोकळं जातं ते अंतर. तो अजिबात नसेल तर रिलीज बेअरिंग दिवसभर घासत राहतं. फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर टाकताना दाते करकरतात. बिचाऱ्या सिंक्रोला मग फुकट दोष लागतो.

उभ्या गाडीत तपासणी

हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, खिडक्या बंद करा. पायाखालची मॅट काढून टाका. उघड्या पत्र्यावर तळवा टेकवला की कानाला न कळणारी थरथर हाताला कळते.

न्यूट्रलमध्ये क्लच सोडून ऐका. घरघर आहे, आणि क्लच दाबल्यावर ती एक-दोन सेकंदांत मावळत जाते? इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा क्लस्टरची बेअरिंगं. यातला फरक रस्त्यावर कळेल.

आता पेडलवर नुसता पायाचा भार टाका, फ्री प्ले जाईल एवढाच. तेवढ्यात कुईं किंवा सळसळ सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत बेअरिंगच्या जागी ग्रॅफाइटची रिंग असते. ती संपत आली की लोखंडावर लोखंड घासल्यासारखा कोरडा आवाज येतो. तशी गाडी चालवत राहू नका, प्रेशर प्लेटही जाते.

क्लच पूर्ण दाबून गिअरमध्ये टाका आणि गाडी तशीच उभी ठेवा. इनपुट शाफ्ट आता पूर्ण थांबलाय आणि इंजिनाचा क्रँक फिरतोय. क्रँकच्या टोकात इनपुट शाफ्टचं नाक ज्या छोट्या बुशमध्ये किंवा बेअरिंगमध्ये बसतं, तिथे या वेळी घर्षण होतं. फक्त याच स्थितीत किरकिर येत असेल तर दोष त्या पायलट बेअरिंगचा.

शेवटी क्लच दाबून चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे हा क्लचचा खरा कस. थांबूनही करकर आली तर क्लच सुटत नाहीये, डबा उघडू नका. पद्मिनीत पहिल्या गिअरलाही सिंक्रो नाही. चालत्या गाडीत पहिला टाकताना दाते लागले तर ती गाडीची घडण आहे. थांबून टाका, नाहीतर डबल डी-क्लच (मधे न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, परत दाबून गिअर टाकणं) शिका.

रस्त्यावर तपासणी

मला यासाठी पन्हाळ्याचा रस्ता फार आवडतो. शिवाजी पूल ओलांडून केर्लीपर्यंत बऱ्यापैकी सपाट, मग वाघबीळपासून चढ. पहाटे निघा, रहदारी नसते. बरोबर कुणाला तरी घ्या. चालवणाऱ्याने चालवायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं: गिअर, वेग, पाय ॲक्सिलरेटरवर की वर, आवाज कसा. वही नसेल तर घरी येईपर्यंत सगळे आवाज एकमेकांत मिसळतात.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर ज्या वेगाला आवाज येतो तो वेग गाठा, न्यूट्रल करा, इंजिन आयडलवर येऊ द्या. उतारावर किंवा घाटात हे कधीही करू नका. आवाज तसाच राहिला तर तो चाकाच्या वेगाशी बांधलेला आहे: चाकांची बेअरिंगं, डिफरन्शिअल, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस, दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर त्याचं मधलं बेअरिंग आणि रबर, किंवा मेन शाफ्टचं मागचं बेअरिंग. गाडी हलकेच डावी-उजवी वळवल्यावर घरघर कमी-जास्त होत असेल तर चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या. भार एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जातो म्हणून तसं होतं.

चढावर दुसऱ्या-तिसऱ्यात जोर देताना घरघर आणि सपाटीला चौथ्यात शांत? क्लस्टर किंवा लेशाफ्ट. जुन्या डब्यांत मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेला दोष हाच. चौथ्यातही तितकाच आवाज असेल आणि उभ्या गाडीतही न्यूट्रलला येत असेल, तर इनपुटचं बेअरिंग. एकाच गिअरमध्ये, वेगाबरोबर जलद होत जाणारी टक-टक-टक असेल तर त्या गिअरचा दाता तुटलाय. अशी गाडी पुढे चालवू नका. तुटलेला तुकडा दुसऱ्या दात्यांत अडकला तर डब्याचं ओतीव कवच फुटू शकतं.

उतारावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढल्यावर गिअर आपोआप सुटत असेल तर आतल्या लॉकच्या गोळ्या-स्प्रिंगा, शिफ्टर फोर्क किंवा गिअरला अडकवणारे छोटे दाते झिजलेत. पण त्याआधी स्टिअरिंगवरच्या गिअर-लिव्हरचे सांधे आणि बुश पाहा. तिथे ढिलाई असली की गिअर पूर्ण बसतच नाही, आणि तिथलीच खडखड लोक गिअरबॉक्सच्या नावावर खपवतात.

रिव्हर्सचा आणि सरळ दात्यांच्या गिअरचा हुंकार मात्र जन्मजात असतो. तिरक्या कापाचे दाते हळूहळू एकमेकांवर चढतात, सरळ दाते अख्खे एकदम भिडतात, म्हणून ते ओरडतात. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

ऑइल काय सांगतं

गाडी थोडी चालवून ऑइल गरम झालं की स्वच्छ परातीत सोडा. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावरचा करडा गाळ बोटांत चोळा. लोण्यासारखा मऊ असेल तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे पापुद्रे किंवा सुईचे तुकडे असतील तर बेअरिंग किंवा दाते गेलेत. ऑइल उन्हात धरल्यावर सोनेरी चमक दिसली तर सिंक्रोच्या रिंगा किंवा पितळी वॉशर झिजतायत. मग सगळं ऑइल सुती फडक्यातून गाळून घ्या आणि फडकं नीट पाहा.

ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. डब्याला वर हवेसाठी छोटी वाट असते, बुडालेल्या गाडीत तिथून पाणी जातं. २०१९ किंवा २०२१च्या पुरात उभी राहिलेली जुनी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर सौदा करण्याआधी हा प्लग उघडून बघा. आणि पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ऑइल बदलल्याशिवाय ढकलूसुद्धा नका.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. आपली गटारं शेवटी पंचगंगेत जातात. जुनं ऑइल घेणारे लोक आहेत, कॅनमध्ये साठवून त्यांना द्या.

डबा उतरवणं

गाडी घोडीवर घ्या, पक्क्या कोब्यावर. विटा किंवा नुसता जॅक यांच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. ही एक गोष्ट मी कुणालाही सवलतीने सांगत नाही.

बॅटरीची वायर काढा. प्रॉपेलर शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लॅन्जवर पंचने खूण करा, नाहीतर परत जोडताना थरथर येईल. स्पीडोमीटरची केबल, लिव्हरचे रॉड, क्लचची जोडणी, स्टार्टर सोडा. मागचा क्रॉसमेंबर काढण्याआधी इंजिनाच्या संपखाली (ऑइलच्या तळभांड्याखाली) लाकडी ठोकळा ठेवून जॅक लावा. बेलहाउसिंगचे (क्लचवरच्या कवचाचे) बोल्ट निघाल्यावर डबा सरळ मागे ओढायचा आणि तोवर त्याचं वजन कुणीतरी उचलून धरायचं. डबा इनपुट शाफ्टवर लोंबकळला की क्लच प्लेटचा हब वाकतो. दोन माणसांशिवाय हे काम सुरू करू नका.

डबा खाली आलाच आहे तर रिलीज बेअरिंग, पायलट बुश आणि पुढचा-मागचा ऑइल सील बदलूनच टाका. त्यांच्या किमतीपेक्षा पुन्हा डबा उतरवायची मजुरी जास्त.

उघडल्यावर

प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा आणि निघालेला प्रत्येक तुकडा ट्रेमध्ये निघाला त्याच क्रमाने ठेवा. काही सोडण्याआधी क्लस्टर पुढे-मागे किती सरकतो ते फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून लिहा. क्लस्टरच्या दोन्ही टोकांचे थ्रस्ट वॉशर किती झिजलेत ते त्या आकड्यावरून कळतं. पुस्तिकेतल्या मर्यादेशी तो ताडून पाहा.

लेशाफ्ट बाहेर काढताना क्लस्टरच्या आतली सुई-बेअरिंगं सांडतात आणि मग रात्रभर फरशीवर शोधत बसावं लागतं. त्यावर उपाय डमी शाफ्टचा. लेशाफ्टपेक्षा किंचित बारीक आणि क्लस्टर व वॉशर मिळून होणाऱ्या लांबीपेक्षा थोडासा आखूड असा गुळगुळीत तुकडा लेथवर करून घ्या. खऱ्या शाफ्टच्या मागोमाग तो आत सरकवला की सुया जागच्या जागी राहतात आणि क्लस्टर डब्याच्या तळाशी उतरतो. बसवताना उलटं करायचं, सुया ग्रीसमध्ये चिकटवून. सुया मोजून लिहून ठेवा.

आता लेशाफ्ट पुसून उजेडात धरा. चांगला शाफ्ट आरशासारखा असतो. माझ्या गाडीचा आवाज दुसऱ्यांदा आला तेव्हा दोष खरोखर डब्यात होता, आणि तो शाफ्ट अजून माझ्या टेबलावर आहे. वरून सगळा चकचकीत, पण ज्या बाजूला भार येतो तिथे बोटाच्या पेराएवढ्या पट्ट्यात देवीच्या व्रणांसारखे खड्डे. त्यावरून नख फिरवलं की अडकतं. नख अडकलं की शाफ्ट आणि सुया दोन्ही बाद.

बेअरिंगं रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, ऑइलचा थेंब टाकून हाताने सावकाश फिरवा. खर लागली की बदला. कंप्रेसरच्या हवेने भिंगरीसारखी फिरवू नका. कोरडी बेअरिंग त्याने खराब होते आणि फुटली तर इजा होते. नवीन घेताना गाडीचं नाव सांगत बसण्यापेक्षा कडेवर कोरलेला नंबर सांगा. ६२०५ म्हणजे आतलं भोक २५ मिलिमीटर, ६२०६ म्हणजे ३०. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्यापुढचे असले की त्यांना पाचने गुणायचं. नंबरापुढे एन असेल तर बाहेरच्या कडेला सर्क्लिपची खाच आहे, एनआर असेल तर सर्क्लिपही सोबत येते. खाचेशिवायची बेअरिंग आणली तर ती जागेवर टिकणार नाही. व्हर्निअरने मोजून आणि खोक्यावरचा छाप नीट पाहून घ्या, नकली माल बाजारात असतो.

सिंक्रोची रिंग तिच्या कोनावर ठेवा, अंगठ्याने दाबून फिरवा. चांगली रिंग जागीच पकडते. झिजलेली घसरते आणि गिअरच्या दात्यांना जवळजवळ टेकते. त्या फटीचं माप पुस्तिकेत असतं.

गिअर खराब असेल तर त्याच्याशी भिडणारा जोडीदारही बदला. एकमेकांवर झिजलेल्या दात्यांत नवीन दाते घातले की डबा आयुष्यभर कण्हत राहतो.

सुटे भाग कुठून आणायचे

जुन्या गाड्यांचे भाग दुकानात सहज मिळत नाहीत. भंगारातला अख्खा दुसरा डबा घेऊन त्यातले चांगले भाग वापरणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. तेही नाही जमलं तर आपल्या गावाचं भाग्य असं की इथे घडवून देणारे हात आहेत. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला, शेतीच्या पाण्यासाठीची ऑइल इंजिनं इथेच बनली. फॉस्फर ब्राँझचे थ्रस्ट वॉशर, बुश, डमी शाफ्ट उद्यमनगरात कुठलाही चांगला लेथवाला करून देईल.

लेशाफ्टच्या बाबतीत मात्र घाई नको. साध्या लोखंडाचा शाफ्ट कातून पॉलिश केला की दिसायला हुबेहूब येतो आणि सुया त्याला थोड्याच दिवसांत खातात. ईएन-३६सारखं केस हार्डनिंगचं (फक्त वरचा थर कडक करायचं) पोलाद घ्या, कातल्यावर हार्डनिंग करून ५८ ते ६२ रॉकवेल सी कडकपणा आणा आणि शेवटी ग्राइंडिंगने जुन्या शाफ्टच्या न झिजलेल्या टोकाच्या मापाला उतरवा. हार्डनिंगमध्ये शाफ्ट थोडा फुगतो-वाकतो, म्हणून ग्राइंडिंगसाठी माल शिल्लक ठेवायला आधीच सांगा. तीन ठिकाणी फिरावं लागेल. फिरा.

परत जोडताना

प्रत्येक बेअरिंगला ऑइल लावून बसवा. शाफ्टवर चढवताना आतल्या कड्यावर ठोका, डब्यात बसवताना बाहेरच्या कड्यावर. उलट केलं तर गोळ्यांमधून धक्का जातो आणि नवी बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरते. पॅकिंग नवीन घ्या आणि जुन्याच जाडीचं. काही डब्यांत बेअरिंगची पुढे-मागे हालचाल पॅकिंगच्या जाडीवर ठरते.

झाकण लावल्यावर डबा टेबलावरच असताना इनपुट शाफ्ट हाताने फिरवत चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहा. मग एक गिअर टाकलेला असताना दुसरा पडतो का बघा. पडत असेल तर दोन शिफ्टर-रॉडांमधली इंटरलॉकची गोळी राहिलीय. रस्त्यावर दोन गिअर एकदम पडले तर मागची चाकं जाम होतात. तेव्हा कितीही उशीर झाला असला तरी परत उघडा.

क्लच प्लेट बसवताना जुन्या इनपुट शाफ्टने ती मधोमध धरा, मग बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. डबा सरकत नसेल तर बोल्टने ओढून घेऊ नका, प्लेट मध्यात नाही. ऑइल लेव्हल प्लगमधून ओघळेपर्यंत भरा.

पहिल्या दिवशी पुन्हा तोच रस्ता, तीच वही. वाघबिळाचा चढ तिसऱ्यात, मागे जिथे घरघर लिहिली होती त्याच वेगाने. पाचशे किलोमीटर झाले की गरम ऑइल परातीत सोडा, फडक्यातून गाळा आणि चुंबकावरचा गाळ बोटांत चोळून पाहा. नव्या भागांचा थोडा मऊ करडा लेप दिसेल. तो पुसा, ताजं ऑइल भरा आणि प्लगला नवीन तांब्याचा वॉशर लावा.